पंचफुला सिस्टरचा चार

लसीचा डबा आला की पंचफुला सिस्टर आधी बर्फाच्या पाकिटाला अंगठा लावून बघतात. मग झाकणाच्या आतून हात फिरवतात आणि डबा आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघतात. "वाटंत कुठं थांबला व्हतास?" हा प्रश्न ठरलेला. तो थांबलेला असो नसो, घाम त्याला फुटतोच. हट्टा गावाच्या पलीकडच्या आरोग्य उपकेंद्रात बाईंची एकतीस वर्षं गेली. गोळ्यांचं पाकीट त्या दोनदा मोजतात. नवरा वारला तेव्हा दवाखान्याचं बिलसुद्धा त्यांनी ओळ न् ओळ तपासलं होतं. मी आंदोलनं करणारा माणूस, मला अशी माणसं आवडतात. ज्याला शंका येत नाही त्याला या जिल्ह्यात कोणीही विकून खाईल.

त्यांचं रजिस्टर मात्र बघण्यासारखं. लेकराचं नाव, आईचं नाव, तारीख, डोस, सगळं मराठी आकड्यांत, मोत्यासारखं. वरचे साहेब लोक मीटिंगला ते रजिस्टर इतरांना दाखवायचे. बाईंना त्याचा गर्व होता, आणि तो असायलाच पाहिजे.

तर जानेवारीत बाईंच्या लक्षात आलं की खात्यात पैसे कमी होऊन राहिलेत. पगार पडला की अठ्ठावन्न हजार वाढायचे, ते आता दहा-अकरा हजारांनी कमी दिसत. बँकेचा मेसेज इंग्रजीत. बाई फक्त शेवटची शिल्लक वाचायच्या. मोबाइलवरून पैसे द्यायचं-घ्यायचं सगळं सुनेनं, पुनमनं, बसवून दिलेलं. मग शंका दुसऱ्या कोणावर जाणार?

बाईंनी कोणाला विचारलं नाही. पाळत ठेवली. पुनमनं नवा मिक्सर घेतला, तो लक्षात ठेवला. माहेरच्या लग्नात ती जरीची साडी नेसली, तीही ठेवली. एटीएमचं कार्ड उशीखालून काढून लसीच्या जुन्या डब्यात लपवलं आणि मोबाइलचाही पिन बदलला. तरी पुढच्या महिन्याला तेवढेच कमी.

हळद शिजवायचे दिवस होते. अंगणात कढई चढलेली, पुनम घामाघूम, आणि बाईंनी पाच बायांसमोर विचारलं, "पुनम, माझ्या मोबाइलातून पैसे कोण काढून राहिलं?"

पुनमच्या हातातला झारा खाली पडला. "आत्याबाई, माझं नाव घ्या की सरळ."

"घेतलं म्हण."

पुनमनं हात धुतले, बॅग भरली आणि संध्याकाळच्या जीपनं माहेरी, सेनगावला. जाताना उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "पैसे कुठं गेले त्याचा कागद दाखवा. तवाच या घरात पाय ठेवीन. नुसतं तोंडानं बोललेलं चालणार न्हाई. तुमचीच शिकवण हाय ही."

बाईंचा मुलगा स्वप्निल दोन्हीकडून शिव्या खात राहिला. त्यानं आईला एकच सांगितलं, "तिला आणायला मी जाणार न्हाई. तू गेलीस तर येईल." चार महिने घर तसंच. बाई एकट्याच चुलीशी आणि डोक्यात हिशेब.

जूनमध्ये त्या माझ्याकडं आल्या. चहा घेतला नाही. मी चहात काही घातलं असेल म्हणून नव्हे, उपकार नको म्हणून. म्हणाल्या, "भाऊ, पोलिसात द्यायचं हाय. पण सुनेचं नाव द्यावं का न्हाई, ते सांगा."

मी विचारलं, "पासबुक छापलं का?"

"कशाला? शिल्लक दिसते की."

मी त्यांना तसंच बँकेत नेलं. पासबुक छापून निघालं आणि मी बोट ठेवलं. खात्यातून कोणी काही काढलेलंच नव्हतं. पगारच कमी पडत होता. डिसेंबरच्या पगारापासून अठ्ठावन्नाच्या जागी सत्तेचाळीस.

बाई त्या ओळीकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी पुनम न्हाई." आणि लगेच, "मग किशनराव!"

किशनराव म्हणजे ऑफिसातला पगाराचा क्लार्क. कोणतं ऑफिस ते लिहीत नाही. आम्हाला तिथं अजून जावं लागतं. आम्ही गेलो तेव्हा तो भेळ खात होता.

"सिस्टर, इन्कम टॅक्स कटला," तो म्हणाला. "आधी तीन हजार कटायचा, आता चौदा."

"काहून? माझा पगार वाढला का?"

"नियम हाय."

"कोणता नियम?"

"वरून आला."

वरून आला! या दोन शब्दांवर या देशात काय काय पचलं असेल. माझं डोकं सटकलं. टेबलावर हात आपटून मी सरळ म्हणालो, "खाल्लेत तुमी पैसे." सगळं ऑफिस बघत होतं. किशनरावनं भेळेचा कागद चुरगळला आणि म्हणाला, "लेखी द्या."

लेखी तर देणारच होतो. पण आधी खात्री पाहिजे म्हणून हिंगोलीला आतिफकडं गेलो. आतिफ स्टँडजवळ ऑनलाइनची कामं करतो, विवरणपत्रं भरतो, आणि मान हलवल्याशिवाय वाईट बातमी सांगत नाही. बाईंच्या नावावर सरकारकडं किती कर जमा झाला ते पान त्यानं उघडलं आणि मान हलवली.

"मावशी, इथं तर शून्य आहे."

"शून्य कसं? वर्षभर कापला!"

मी पासबुक आणि पगारपत्रक घेऊन बेरीज केली. मार्चअखेरपर्यंतच्या वर्षात आठ महिने तीन हजार, चार महिने चौदा. ऐंशी हजार कापलेले. आणि आतिफचा कॉम्प्युटर म्हणत होता, बाईंकडून पस्तीस हजार कर येणं बाकी आहे, वर व्याज. भरायची मुदत जुलैअखेर.

बाई खुर्चीवरून उठल्या. "ऐंशी घेतले, आन् अजून पस्तीस मागून राहिले? भाऊ, हा एकट्या किशनरावचा घास न्हाई. यात सायेबबी हाय." मग आतिफकडं वळून, "तू बराबर बघितलंस ना? का तुझंबी कमिशन हाय?"

आतिफ हसला. "मावशी, माझी फी दोनशे रुपये. तीबी तुमी अजून दिली नाही."

मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. कापलेला कर कोणत्या नंबरावर भरला, ते दाखवा. मुदत तीस दिवसांची, अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावणं आलं. किशनरावनं फाइल उघडली. चेहरा असा, की सत्यनारायणाला बसलाय.

पहिला कागद मागच्या वर्षीच्या एप्रिलचा. पगाराचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलं, म्हणून ऑफिसनं सगळ्यांकडून नाव आणि पॅन नंबर नव्यानं लिहून घेतला होता. त्यात बाईंची ओळ, बाईंचंच अक्षर. पॅनची इंग्रजी अक्षरं कार्डावरून उतरवलेली, पण मधले चार आकडे हातानं सवयीप्रमाणं मराठीत गेलेले. एकतीस वर्षांचं रजिस्टर बोटांत बसलेलं. तीन, चार, दोन, चार.

दुसरा कागद एजन्सीनं टाइप केलेला. त्यात तीन, आठ, दोन, आठ.

मला आधी कळेना. मग बाईंच्या ओळीकडं नीट बघितलं. बाई चाराची दोन शिंगं वर एकमेकांना टेकवतात. फार सुरेख दिसतो तो चार. पण शिंगं टेकली की मराठी चार म्हणजे इंग्रजी आठच. तीन आणि दोन तर दोन्हीकडं सारखेच दिसतात, त्यामुळं टायपणाऱ्याला शंका यायचं कारणच नव्हतं. त्या नंबराचा माणूस देशात नव्हता. कर सरकारात पोचला होता, पण कोणाच्याच नावावर नाही. मग नोव्हेंबरात इन्कम टॅक्सवाल्यांचं पत्र आलं, की या माणसाचा पॅन खोटा दिसतो आणि पॅन नसणाऱ्याचे वीस टक्के कापायचे असतात. किशनरावनं तीन हजारांचे चौदा केले.

बाई त्या चारावरून बोट फिरवत राहिल्या, लेकराच्या टोचलेल्या दंडावरून फिरवावं तसं.

किशनराव माझ्याकडं बघून म्हणाला, "कोणी खाल्ले, भाऊ?"

मी माफी मागितली नाही. कारण मला त्या पत्राची तारीख दिसत होती. "नोव्हेंबरात पत्र आलं. आज जुलै. सिस्टरला एक फोन काहून न्हाई केला?"

"ग्रुपवर टाकलं व्हतं."

बाईंनी मान वर केली. "कोणत्या ग्रुपवर? दिवाळीच्या आधी प्रवासभत्त्याच्या बिलाचं विचारलं, तवा ग्रुपातून मला काढलं कोणी?"

किशनराव फाइलीची दोरी बांधायला लागला. ती गाठ त्याला बराच वेळ बसेना. त्यानं मुद्दाम केलं की विसरला, हे मला आजही सांगता येत नाही. सिद्ध करता येत नाही, आणि मनातून जातही नाही.

मी त्याच्याकडून तिथंच लिहून घेतलं, की पॅन दुरुस्त करून विवरण पुन्हा भरतो. आकडे अक्षरी लिहायला लावले: तीन, चार, दोन, चार. दुरुस्ती झाली की पस्तीस हजारांची मागणी मिटणार होती आणि जास्तीचे पैसे परत येणार होते. दोन्ही कागदांच्या प्रती शिक्क्यासकट घेतल्या.

बाहेर आल्यावर मी बाईंना म्हणालो, "पुनमला सांगा, क्लार्कनं घोळ केला. अर्धं खरंच हाय की."

बाई थांबल्या. "तिनं कागद मागितला हाय, भाऊ. या कागदावर अक्षर माझं हाय."

"टाइप केलेला तेवढाच दाखवा."

"आन् तिनं पहिला मागितला तर? माझ्याच हाताखाली राहिलेली हाय ती."

दुसऱ्या दिवशी आम्ही सेनगावला गेलो. बाईंच्या म्हणण्याप्रमाणं मी साक्षीदार. माझ्या मते त्यांना एकटीला धीर होत नव्हता. पुनमनं पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. बाईंनी पिशवीतून हातानं लिहिलेला कागद काढला, तोच आधी, आणि पुढं धरला.

"वाच. चार आकडे."

पुनमनं वाचलं, "तीन, आठ, दोन, आठ."

"चार हाय तो. मी काढलेला." एवढं बोलायला बाईंना किती वेळ लागला ते मी सांगत नाही. मग त्यांनी सगळं सांगितलं, एकही ओळ गाळली नाही. पाच बायांसमोर जे बोलले ते त्याच पाचजणींना बोलावून परत घेईन, असंही म्हणाल्या.

पुनम कागदाकडं बघतच होती. ओठ आवळलेले. मग एकदम म्हणाली, "आत्याबाई, आमच्या सेनगावात चाराची शिंगं उघडी ठेवत्यात."

"ठेवीन मी बी."

"आन् इथून पुढं फारम मी भरणार. तुमी नुसती सही करायची."

"वाचून करीन."

"वाचा की. मी काय नको म्हणते?" ती आत गेली, बॅग घेऊन आली, पण दारातच थांबली. "अजून एक. मोबाइलचा नवा पिन सांगा. आत्ताच्या आत्ता. तवाच जीपमध्ये बसते."

बाईंचा चेहरा कढईवर धरल्यासारखा झाला. त्यांनी पुनमकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी जरा बाहेर जाता का?"