त्याचं 'मग?'

इंदापूरच्या स्टँडवर चहा पिताना माझा लेखक मित्र स्वतःचं कधी बोलायचा नाही. समोरचा थांबला, की कप खाली ठेवून हळूच विचारायचा, "मग?" एवढ्यावर दिवाळी अंकांत त्याच्या कथा यायच्या. मी बारामतीत दार लावून लिहायचो आणि माझ्या साभार परत यायच्या.

वडील गेले तेव्हा त्याला मुद्दाम कळवलं नाही. हे दुःख तरी माझ्या कथेला राहू दे, असं वाटलं. पण सावडायच्या दिवशी तो आलाच आणि आईजवळ बसला.

"काकू, आबा शेवटचं काय बोललं?"

"आपल्या शेळगावच्या हिरीचं पाणी मागितलं बघ," आई म्हणाली.

मी हे विचारलंच नव्हतं. आई पुढं सांगत राहिली. ती थांबली की आता मलाच 'मग?' म्हणावंसं वाटत होतं. पण आई त्याच्याकडंच बघत होती.