देवाच्या पाटाखालची कार्डं

कुडाळच्या कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवते. जागतिक व्यवस्थेचा सिद्धांत आला की फळ्यावर एकात एक तीन वर्तुळं काढते. आत केंद्र, बाहेर परीघ, मध्ये अर्धपरीघ. गाव सुटा धरून त्यातला बदल कळत नाही, सगळं जग एकच व्यवस्था म्हणून बघा, एवढं सांगून झालं की माझी गाडी आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर येते. इथली म्हाकुलं, म्हणजे स्क्विड, बर्फात बसून परदेशी जातात, इथले तरणे आखातात जातात, आणि दोघांचा भाव तिकडेच ठरतो. हे सांगताना माझा आवाज चढतो. चढणारच. माझा धाकटा भाऊ मस्कतला अडकून पडला होता. शेटने त्याचा पासपोर्ट काढून घेतला होता. तो फोनवर रडायचा आणि इकडे आई रोज देवासमोर हात जोडून बसायची.

मुलं मधल्या वर्तुळाचं उदाहरण मागतात. वरच्याकडून नाडले जातात आणि खालच्याला नाडतात, असे कोण? मी लांबलांबच्या देशांची नावं सांगून मोकळी होते.

भाऊ एकदाचा सुटून आला आणि बाबांच्या ट्रॉलरचं बघू लागला. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी माहेरी गेले होते. बाबांच्या ट्रॉलरवर सगळे खलाशी नेपाळी. गावातले आखातात गेल्यावर दुसरं कोण मिळणार? त्यातला सगळ्यात जुना खलाशी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन उभा राहिला. आमच्याकडे राहून तो मालवणी शिकला होता.

"शेट, आवस लय आजारी आसा," तो गावाकडच्या आपल्या आईबद्दल बाबांना म्हणाला. "आज गाडी पकडलंय तर जिती गावतली. माझा कार्ड देवा."

शेट. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्या दिवशी तो कानाला लागला.

"सीझन संपान दी," बाबा म्हणाले.

मी विचारलं, कसलं कार्ड? बाबांनी हनुवटीने देव्हारा दाखवला. महत्त्वाचं काहीही असलं की आमच्याकडे ते देवाच्या पाटाखाली जातं. मी पाट उचलला. प्लास्टिकच्या पिशवीत, रबर लावून, साऱ्या खलाशांची ओळखपत्रं. ह्याशिवाय त्यांना ना सरहद्दीवर कोणी सोडणार, ना दुसऱ्या होडीवर कोणी ठेवणार.

"बाबा, मस्कतच्या शेटान आणि वेगळा काय केल्यान?"

त्यांनी मान खाली घातली. "सगळेच ठेवतत गो. कार्ड दिला की पळतत. मगे होडी कोण घेवन जातलो?" पण ते ढिले पडले होते, मला दिसत होतं. मी भावाकडे वळले. त्याच्याइतकं हे कोणाला कळणार? तो जेवत होता.

"तू तरी सांग रे."

"काय सांगू?" त्याने घास गिळला. "शेटान माझा बरोबर केल्यान. पासपोर्ट हातात असतो तर मी पयल्याच म्हयन्यात पळालो असतंय. तेका कार्ड देव नको."

राग यायलाही वेळ लागला, इतकं ते अनपेक्षित होतं. हाच का तो, ज्याच्या रडण्याने आमच्या घरात कोणी धड जेवत नव्हतं?

आई मासे कापत होती. ती उठली, हात धुतले, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्यातलं एक कार्ड काढून खळ्यात जाऊन खलाशाला दिलं. "जा, आवशीक बघ," म्हणाली. तो पाया पडला आणि धावतच निघाला.

मला भरून आलं. आई आत आली.

"तुझ्या पासपोर्टासाठी मी देवाकडे हात जोडून बसत होतंय, तेवा पाटाखाली ही कार्डां होतीच," ती भावाला म्हणाली. "माका म्हायत होता."

भाऊ मान खाली घालून जेवत राहिला. आईने बाबांकडे पाहिलं. सोमवारी पहाटे होडी जायची होती, आणि एक माणूस आत्ताच कमी झाला होता. तिने उरलेल्या कार्डांना पुन्हा रबर लावलं, पिशवी पाटाखाली सरकवली आणि देव सरळ केले. वर्गात एवढा आवाज चढवणारी मी तिथेच उभी होते.