तोंड काठाकडे

चाचा कोणत्याही वस्तूवर ती पाण्यात बुडवल्याशिवाय विश्वास ठेवत नसत. शहागंजात त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लोखंडी टपरी, हवेची टाकी आणि अर्धं कापलेलं पिंप, त्यात काळपट पाणी. सायकलची ट्यूब त्यात बुडवणं समजू शकतं. पण शाळेचा फुटबॉल, शेजारणीची शेकायची रबरी पिशवी आणि एकदा माझा जेवणाचा डबासुद्धा त्यांनी त्यात बुडवून पाहिला. डबा गळतो एवढंच मी म्हणालो होतो. झाकणाजवळून तीन बुडबुडे आले. चाचांनी ते मला बोटाने दाखवले आणि म्हणाले, "हवा झूट बोलते, मास्तर. पाणी नाय बोलत."

त्या डब्यातून मी पुन्हा कधी आमटी नेली नाही.

त्यांनी पंक्चरवर लावलेली रबरी चकती निघत नसे, अशी त्यांची ख्याती होती. ख्याती पसरवण्याचं कामही मुख्यतः तेच करत. गिऱ्हाईक परत आलं तर नव्या पंक्चरसाठी यावं, जुन्यासाठी आलं तर आपण दुकान बंद करू, असं ते चाळीस वर्षं सांगत होते आणि दुकान चालू होतं. माझ्या स्कूटरच्या मागच्या ट्यूबमध्ये शेवटी शेवटी मूळ रबर कमी आणि चाचा जास्त होते. ट्यूबलेस टायर आले तेव्हा त्यांनी तो व्यक्तिगत अपमान मानला. "ज्याच्यात ट्यूबच नाय, त्याचं दुखणं कळायचं कसं?" असं ते प्रत्येक नव्या गाडीवाल्याला विचारायचे. गाडीवाले घाईत असायचे.

दर रविवारी मात्र टपरीला कुलूप. चाचा गळाच्या काठ्या घेऊन सिल्लोड रस्त्यावरच्या एका पाझर तलावावर जात, आणि पुढे पुढे मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. तलावाचा मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे होता, त्याच्या गाड्यांची पंक्चरं चाचाच काढत, त्यामुळे आम्हाला कोणी हटकत नसे. मला मासे धरता येत नव्हते आणि अजूनही येत नाहीत. पण दिवसभर एका माणसाशेजारी काही न बोलता बसता येतं, हे मला तिथं कळलं, आणि त्याबद्दल मी चाचांचा जन्माचा ऋणी आहे.

मग चाचांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला मनाई केली. आम्ही प्लास्टिकची खुर्ची नेली, तर तिचे पाय काठावरच्या चिखलात रुतले आणि चाचा खुर्चीसकट इतक्या सावकाश मागे कलले की मला धरायला भरपूर वेळ होता. मी बघत राहिलो. चिखल घेऊन घरी गेल्यावर चाचींनी निकाल दिला: आता मासे बंद. काठ्या भंगारवाल्याला द्यायच्या.  पुढचे चार रविवार चाचांनी दुकान उघडं ठेवलं, आणि रविवारी त्या टपरीत बसलेला तो माणूस मला बघवेना.

म्हणून मी फोनवर जुन्या वस्तूंच्या बाजारात शोध सुरू केला आणि मला ती तरंगती खुर्ची सापडली. घोड्याच्या नालासारखी वाकलेली, हवा भरायची, वर जाड कापडाचं आवरण, मध्ये बसायला जागा, मागे टेकायला पाठ. पाय पाण्यात सोडायचे आणि त्यात रबरी वल्ह्यासारखे बूट घालून मारायचे. विकणारा एका कंपनीतला अधिकारी होता, बदली होऊन चालला होता. चाचांना घेऊन मी त्याच्या घरी गेलो. फक्त दोनदा वापरली आहे, असं तो म्हणाला. चाचांनी विचारलं, दोनदाच का? उत्तर आतल्या खोलीतून त्याच्या बायकोने दिलं: तिसऱ्यांदा मी जाऊ दिलं नाही म्हणून.

चाचांनी खुर्चीच्या आतल्या हवेच्या दोन्ही पिशव्या बाहेर काढल्या आणि त्या गृहस्थाच्या न्हाणीघरात बादली भरून त्यांची तपासणी मांडली. तो अधिकारी आणि मी दाराशी उभे. अर्ध्या तासाने डाव्या पिशवीतून सुईएवढा बुडबुडा निघाला. अधिकारी ओशाळला, चाचांचा चेहरा खुलला. भोक सापडलं म्हणजे माल घ्यायला हरकत नाही, न सापडलेल्याचीच भीती, असं त्यांनी त्याला समजावलं. दुकानात आणून त्यांनी त्यावर आपली चकती लावली आणि पिशवी एक दिवस आणि एक रात्र पिंपात दाबून ठेवली. एकही बुडबुडा नाही.

चाचींनी एक संधी दिली. एकच. खुर्ची त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात जाईल. धड परत आली तर ठीक, नाहीतर काठ्या सोमवारी भंगारात. चाचींनी सोबत डबा घेतला, सतरंजी घेतली आणि गच्चीवरची कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेतली. ती निळी नायलॉनची दोरी त्यांनी खुर्चीच्या कडीला स्वतः बांधली, तीन गाठी मारून. चाचांना पोहता येतं की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी चाचींच्या गाठींवरून मला उत्तर मिळालं.

या खुर्चीची एक खोड आहे, ती आम्हाला तलावावर कळली. पाय मारले की ती पुढे जात नाही, मागे जाते. चाचा पाण्यात बसले, दोनदा पाय मारले आणि आमच्याकडे तोंड करून आमच्यापासून दूर जाऊ लागले. तलावावर मेंढरं पाजायला आलेला एक धनगर काठीवर हनुवटी टेकून हे बघत होता. त्याने मला विचारलं, सरकारी मोजणी हाय का? मी म्हणालो, मासे धरतायत. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "उलटं चाललंय म्हातारं."

चाचांनी ते ऐकलं. "खुलताबादला दर्ग्यातनं निघताना पाठ दाखवतं का कुणी?" ते पाण्यातून म्हणाले. "अदबीनं निघायचं ते असंच."

चाची दोरी सोडत होत्या. त्यांचं लक्ष दोरीवर नव्हतं. "चाळीस वर्षं," त्या मला म्हणाल्या, "दर इतवारी ह्यांची पाठ बघितली मी. जाताना तोंड कसं दिसतंय ते आज कळालं."

तोंड चांगलं दिसत होतं. इतकं चांगलं मी ते कधी पाहिलं नव्हतं. दोरी संपली तिथं चाचा थांबले, त्यांनी गळ टाकला, आणि पाऊण तास गेला. एक चिलापी लागली. चाचांनी ती वर धरून चाचींना दाखवली आणि जाळीच्या पिशवीत टाकली. मी मनात म्हणालो, जिंकलो.

मग चाचा मान वाकवून डाव्या बाजूला पाण्यात बघत राहिले. ती नजर मी शहागंजात हजारदा पाहिली होती. काठावरून आम्हाला काहीही दिसत नव्हतं. खुर्ची सरळ होती, उजवी पिशवी भक्कम होती. ते गुपचूप पाय मारत परत आले असते तर चाचींना पत्ता लागला नसता, आणि रात्रीतून मी नवी पिशवी मागवली असती. हे सगळं त्यांनाही कळत होतं, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'नको' म्हणालो. मास्तर असून म्हणालो.

"डावीकडनं हवा चाललीय," चाचा मोठ्यांदा म्हणाले. "चकती माझीच हाय."

पिशवी रबराची नव्हती, प्लास्टिकची होती. सायकलच्या सोल्यूशनने तिला सावलीत धरून ठेवलं आणि उन्हात सोडलं. पिंपातलं पाणी खोटं बोललं नव्हतं. उन्हाला विचारायचं राहिलं होतं. चाचींनी दोरी हातावर गुंडाळत ओढायला सुरुवात केली, मी मदतीला गेलो तर मला कोपराने बाजूला सारलं. चाचा डावीकडे कलत, मांडीवर चिलापीची पिशवी घेऊन, गुन्हेगारासारखे काठाला आले. काठ्या त्यांनी स्वतःच चाचींसमोर ठेवल्या.

चाचींनी त्या उचलल्या नाहीत. "लपवलं असतं तर आजच विकल्या असत्या," त्या म्हणाल्या. "जात जा. पण दोरी माझ्या हातात राहील."

योग्य गोंद मिळाला, चकती बसली. त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी आम्ही तिघं जात होतो. चाचा दोरीभर लांब जायचे, चाची काठावर बसून दोरीचं टोक बोटाला गुंडाळून तांदूळ निवडायच्या. मध्येच त्या दोरीला एक हिसका द्यायच्या. चाचा तिकडून एक हिसका द्यायचे. त्याचा अर्थ मी विचारला नाही. मासे फारसे मिळाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चाचांच्या छातीत कळ आली. मी पोचलो तेव्हा गल्लीत रुग्णवाहिका उभी होती. आत सोबतीला एकच माणूस बसेल असं चालक म्हणाला, चाचांचा मुलगा बसला. माणसाला डोक्याकडून आत सरकवतात, हे माझ्या ध्यानात तोवर आलं नव्हतं. चाचा आमच्याकडे तोंड करून मागे मागे गेले. त्यांनी चाचींकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चादरीखाली दोन्ही पाय आळीपाळीने हलवले. दोनदा. मला हसू आलं. त्यांना तेच हवं होतं.

दार बंद झालं. गाडी गर्दीतून वाट काढत कोपऱ्यावर वळली, आणि चाचा परत आले नाहीत. पण हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, चाचींनाही नसावं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, आपल्या रिकाम्या हाताकडे बघत.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "दोरी बांधायची राह्यली."