उत्तरेच्या भिंतीवरची नावं

"मॅडम, तुमी निस्ती सही करा. बाकीचं आमी टाईप करून आणलंय की," शांतवनराव म्हणाले आणि त्यांनी कागद वर धरला. मी अजून शिडीवरच होते.

'सदर इमारत धोकादायक असून पाडण्यायोग्य आहे,' असं त्यावर छापलेलं होतं. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. न बघता सही करायची असती तर कोल्हापुरातल्या ऑफिसात बसूनच केली असती, इतक्या लांब कशाला आले असते, असं मी त्यांना वरूनच सुनावलं.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. उभी इमारत तपासायची, तिला काय झालंय आणि त्यावर उपाय काय ते सांगायचं, हे माझं काम. याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. पुष्कळ लोकांना ऑडिट म्हणजे इमारत पाडायचा परवाना वाटतो. निकाल घरी ठरवतात आणि मग मला बोलावतात. मला त्याचा भयंकर राग येतो, आणि तो लपवायची कला मला कधी जमली नाही.

गाव पन्हाळा तालुक्यातलं, कोडोलीवरून आत गेलं की उसाच्या रानात दडलेलं. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण चर्चेस दोन. हे जुनं दगडी, ओढ्याकाठचं. याला सगळे खालचं चर्च म्हणतात. दुसरं रस्त्याकडेचं, स्लॅबचं, ते वरचं. फूट पडली ती उपासनेत पेटी-तबला वाजवायचा की ड्रमसेट, यावरून. तरुण मंडळी ड्रम उचलून वर गेली. आता त्यांचेही केस पिकलेत, तरी कोणी एकमेकांच्या चर्चची पायरी चढत नाही. सोयरीक मात्र आपसातच होते, त्यामुळे भांडण कधी शिळं होत नाही. दोन्हीकडची माणसं एकत्र उभी राहतात ती फक्त दफनभूमीत.

शांतवनराव खालच्या चर्चच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. पंच म्हणजे मंडळीनं निवडलेली कारभारी माणसं. त्यांचं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं आणि डोक्यात नव्या हॉलचा नकाशा तयार होता: खाली पार्किंग, वर स्टेज, वरच्या चर्चपेक्षा दोन हात उंच. कमिटीत त्यांना विरोध करणाऱ्या एकट्या करुणाबाई. शाळामास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या, नवरा गेलेला, मुलं नाहीत. रोज सकाळी येऊन चर्च झाडणं आणि पहिल्या बाकावर जरा वेळ बसणं, एवढंच त्यांना उरलेलं होतं.

मी शिडीवरून उतरल्यावर त्या जवळ आल्या. "पडणार असंल तर पडंल म्हणून सांगा. मी गप बसीन. पण खरं काय ते सांगा."

असं सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. मी मनाशी ठरवलं, आता मुळापर्यंत जायचं.

छप्पर उत्तम होतं. ते पेलणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं, वाळवीचा पत्ता नाही. पाया खडकावर. तीन भिंती ओळंब्यात, म्हणजे दोरीला वजन लावून सोडलं तर वरपासून खालपर्यंत सरळ. फक्त उत्तरेच्या भिंतीला पोट सुटलं होतं. आतला दगड चर्चच्या आतल्या बाजूला फुगून आला होता आणि गिलाव्याला हात जाईल एवढी भेग होती.

छपराच्या रेट्यानं भिंत झुकली तर ती वर झुकते. ही बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीवर फुगली होती. ओल म्हणावी तर ओढा दक्षिणेला. मला काही उमगेना. मी बाकावर बसून नुसतीच त्या भिंतीकडं बघत राहिले.

करुणाबाई शेजारी बसल्या. "माझ्या पणज्यानं आन् त्याच्या भावकीनं बांधलीय. गावच्या हिरीवर त्यास्नी पाणी न्हवतं, देवळात पाय न्हवता. ही वड्याकाठची जागा कुणाला नको हुती, म्हणून गावली. दिसभर दुसऱ्याच्या बांधावर राबायचं आन् सांजचं येताना एकेक दगूड डोक्यावर आणायचा. पुढं हितंच शाळा भरली. एका पावसात घरं बसली, तवा निम्मं गाव हितं झोपलं. ज्यांच्या हिरीवर आमास्नी पाणी न्हवतं, तेबी."

"आणि या पाट्या?" मी विचारलं.

उत्तरेच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या होत्या. अमुक यांच्या स्मरणार्थ, जन्म, प्रभूमध्ये विसावले, खाली बायबलचं वचन. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की पुढच्या नाताळाच्या आत त्याची पाटी या भिंतीवर लागलीच पाहिजे, असा इथला रिवाज. पाटी भिंतीच्या सपाटीत बसवायची, बाहेर आलेली दिसता कामा नये. आणि प्रत्येक घराची पाटी आधीच्या घरापेक्षा थोडी मोठी. पुलपिटाजवळची, म्हणजे पाळक उपदेश करतात त्या ओट्याजवळची, सगळ्यात मोठी पाटी शांतवनरावांच्या वडिलांची. भिंतीचं पोटही तिथंच सगळ्यात मोठं.

मी हातोडीच्या दांड्यानं पाट्यांवर हलकेच टिचक्या मारत गेले. एकजात पोकळ आवाज.

"बाई, एक पाटी काढून बघावी लागेल."

"माझ्या मालकांची काढा," त्या लगेच म्हणाल्या.

पाटी निघाली आणि सगळं दिसलं. जुनी दगडी भिंत खरं तर दोन भिंती असतात, एक आतली आणि एक बाहेरची. मधे दगडगोट्यांची भर. दोघींना धरून ठेवायला मधूनमधून आरपार लांब दगड घातलेले असतात. तेच भिंतीचं बळ. पाटी बसवताना मिस्त्रीला खोबण करायची असते. मधे लांब दगड आला की तो त्याचं डोकं छिन्नीनं उडवतो. एका पाटीनं काही बिघडत नाही. इथं पिढ्यान् पिढ्या तेच चाललं होतं. आतली भिंत सुटी होऊन पुढं आली होती.

"शांतवनराव, इमारत धोकादायक नाही. तुमच्या पाट्या धोकादायक आहेत. त्या काढू, नवे लांब दगड घालू, चुन्यात भिंत बांधून घेऊ. आणखी शंभर वर्षं हलत नाही."

त्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "पाट्या काढू? डोकं ठिकाणावर हाय न्हवं मॅडम? लोक एक वेळ चर्च पाडू देतील, बापाची पाटी काढू देणार न्हाईत. आन् निम्म्या पाट्या वरच्या लोकांच्या हायत. त्यास्नी कोण सांगणार?"

"मी सांगते."

रविवारी त्यांची उपासना संपायच्या वेळेला मी वरच्या चर्चच्या दारात जाऊन उभी राहिले. ड्रमवर मोझेस म्हणून एक गृहस्थ होते, फुटीच्या वेळचे पुढारी, आता आजोबा झालेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आमच्या आयची पाटी हाय तितं. आमी गेलो, पाटी ठेवली. हक्क हाय आमचा."

"भिंत पाडली तर हक्क कुठं लावणार?"

"मग पाडू देत न्हाई आमी!"

"तर मग खाली या आणि तसं सांगा. इथं रस्त्यावर ओरडून काय उपयोग?"

आले. रागानं आले, पण आले. पुढच्या रविवारी खालच्या चर्चमध्ये बसायला जागा नव्हती. मी पाटीमागचा तुटका दगड सगळ्यांना दाखवला आणि भिंत समजावून सांगितली. मग जो गोंधळ उठला तो विचारू नका. आमची नको, त्यांची आधी काढा. पाळकसाहेब प्रार्थना करू या म्हणत होते, ते कोणाला ऐकूच येईना.

करुणाबाई उठल्या. वर्गावर उठायच्या तशा उठल्या असणार, कारण सगळे गप्प झाले. त्यातल्या बऱ्याच जणांना त्यांनीच बाराखडी शिकवली होती.

"ह्या भिंतीवर सगळ्यांची नावं हायत. जेनी बांधली, त्यातल्या एकाचं तरी हाय का?"

बाई बसल्या. मोझेस उठून म्हणाले, "आमची काढा." मग एकेक हात वर होत गेला.

शांतवनराव तेवढे खाली मान घालून बसले होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मी सौदीला हुतो ओ मॅडम. वडलांच्या मातीला पोचलो न्हाई. ती पाटी तेवढी माझ्या हातनं लावली."

मला वाईट वाटलं, पण भिंतीला वाईट वाटत नाही. "सगळ्यात आधी तीच काढावी लागेल," मी म्हटलं. ते निघून गेले. त्या दिवसानंतर पाडायचा विषय मात्र त्यांनी काढला नाही, आणि भिंतीला द्यायचे लोखंडी टेके त्यांच्याच वर्कशॉपमधून आले.

पाट्या निघाल्या. त्यांच्यासाठी आवारात फाटकाजवळ वेगळी ठेंगणी भिंत बांधली. दोन्ही चर्चच्या पाट्या, सगळ्या एका मापाच्या चौकटीत. ही अट माझी. लांब दगड क्रशरवर मिळत नाहीत, पाथरवटाकडून घडवून घ्यावे लागतात. ज्या घराची पाटी निघाली त्या घरानं एक दगड आणायचा, असं मंडळीनंच ठरवलं.

दगड बसवायच्या दिवशी शांतवनराव सर्वांत शेवटी आले. दगड मिस्त्रीच्या हाती द्यायच्या आधी त्यांनी खिशातून खडू काढला आणि जी बाजू चुन्यात बुजणार होती तिच्यावर वडिलांचं नाव लिहिलं. मग माझ्याकडं बघितलं.

"चालतंय न्हवं?"

"चालतंय," मी म्हटलं.

मोझेसनं खडू मागून घेतला. तो हातोहात फिरला. करुणाबाईंनी मालकांचं नाव लिहिलं आणि थांबल्या. "पणज्याचं लिव्हलं असतं," त्या म्हणाल्या, "पण त्याचं नाव मला ठाव न्हाय." मग त्यांनी नुसतं 'पणजा' एवढंच लिहिलं. मिस्त्रीनं त्यावर चुना थापला.

फायनल रिपोर्टमध्ये मी लिहिलं: भिंत सुस्थितीत आहे; यापुढे तिला छिन्नी लावू नये. भिंतीच्या आत कोणाकोणाची नावं आहेत, ते रिपोर्टात घातलं नाही. त्यासाठी आमच्या फॉरमॅटमध्ये रकाना नाही.