इनासने लावलेली पोथी

ठाणेकरांना आपल्या गावाचा अभिमान जरा जास्तच, असं मुंबईकर म्हणतात. म्हणोत बापडे. ज्या गावात इनास परेरासारखा छापखान्यात पान लावणारा होऊन गेला, त्या गावाने मान थोडी ताठ ठेवली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

इनास ठाण्यातल्याच चराईतला. घरची थोडी भातशेती, बाकीचे दिवस मिठागरावर मजुरी. अठराशे सत्तरच्या पुढेमागे, म्हणजे आगगाडीची नवलाई ओसरल्यावर, तो हरिहरपंतांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागला. बापाला ते मुळीच पटलं नाही. "शिशाची अक्षरं पेरून भात उगवतो का?" असं तो चारचौघांत विचारायचा. पाद्र्यांच्या शाळेत इनास कामापुरती बालबोध लिपी शिकला होता, बाकीचं खिळ्यांनी शिकवलं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं आणि इनास उलटं अक्षर सुलट्यापेक्षा भरभर वाचायचा. त्याची बायको ज्युलियाना शेजारणींना सांगायची, "बाजारातली पाटी वाच बोलली तं आमचा मानूस आदी मान वाकडी करतं, मंग वाचतं."

पंतांचं चार पानी साप्ताहिक निघायचं. मजकूर पंतांचा आणि पान इनासचं, अशी वाटणी होती. कुठली बातमी माथ्यावर, कुठली पायाशी, दोन बातम्यांत रेघ घालायची की नुसती जागा सोडायची, हे इनास ठरवी. "पंत, तीन ओळी उतू जातात," अशी आतून हाक आली की पंत विशेषणं छाटायला बसत. आपली विशेषणं त्यांना पोटच्या पोरांसारखी प्यारी होती, पण इनासने सांगितलं की ती निमूट जात. जुळवलेले खिळे लोखंडी चौकटीत बसवून, चारी बाजूंनी पाचरा ठोकून इनास ती चौकट कडेवर उभी करी आणि हलकेच हलवी. एकही खिळा निसटला नाही, म्हणजे पान झालं.

अशात कल्याणहून गंगुबाईंचं काम आलं. गंगुबाई पंतांच्या लांबच्या नात्यातल्या. त्यांच्या यजमानांनी उल्हास नदीकाठच्या एका देवीचं माहात्म्य ओव्यांत रचलं होतं आणि हयातभर दर श्रावणात ते स्वतः मोठ्याने वाचलं होतं. गेला श्रावण सरला आणि ते गेले. आता येत्या श्रावण प्रतिपदेला छापील पोथीवरून वाचन व्हावं आणि घरोघर एकेक प्रत जावी, एवढंच बाईंच्या मनात होतं. पोथी छापायची तर लोक मुंबई गाठत. पंतांनी हट्टाने हे काम मागून घेतलं आणि इनासच्या हाती सोपवलं. इनास हरखून गेला. साप्ताहिकाचं पान आठ दिवसांनी वाण्याकडे पुड्या बांधायला जातं, पोथी मात्र नातवंडांपर्यंत पोचते. आपल्या हातचं काहीतरी टिकावं, ही हौस त्याला फार दिवसांची होती.

मूळ हस्तलिखित सोवळ्यातलं, ते छापखान्यात येणं शक्य नव्हतं. पंतांनी त्याची साध्या कागदावर नक्कल करवून आणली. इनासने आडवी लांबट पानं लावली, भोवती दुहेरी रेघांची चौकट घातली, कागदाची एक बाजू छापली, वाळवली, मग दुसरी छापली. पंतांनी मुद्रितं तपासली, पण ती सुट्या चिठोऱ्यांवरची, एकाच बाजूची. पहिली काही पानं छापून दोरीवर वाळत पडली, त्यांचे खिळेही सोडून पेटीतल्या आपापल्या घरांत टाकून झाले, आणि गंगुबाई भाच्याला घेऊन पाहायला आल्या.

पंतांनी बाईंना पाटावर बसवलं आणि स्वतः पहिलं पान घेऊन वाचायला लागले. आवाज त्यांचा खणखणीत. पान संपलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी उचलून वरच्या बाजूने पलीकडे उलटलं. मागच्या बाजूची सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती.

झालं होतं ते असं. इनासच्या घरात एकच पुस्तक, प्रार्थनेचं, शिवलेलं. त्याचं पान डावीकडे उलटतं. पोथीची पानं सुटी असतात आणि ती खालून वर उलटतात, हे इनासने कधी पाहिलंच नव्हतं. पोथी वाचतात त्या ओसरीवर त्याला कोण बोलावणार? आणि जन्मभर पोथ्या वाचणाऱ्या पंतांना ही सांगायची गोष्ट आहे असं वाटलंच नाही. श्वास कसा घ्यायचा ते कुणी कुणाला सांगतं का?

गंगुबाईंना वाचता येत नव्हतं, पण पंत पान उलटसुलट फिरवायला लागले तेव्हा ते उलटं छापलंय हे त्यांना कळलं. "हरिहर," त्या म्हणाल्या, "ह्या छापखान्यात वाचणाऱ्याने खाली डोकं वर पाय करायचे असतात का?"

"चूक माझी आहे, बाई," इनास म्हणाला.

"अर्धी माझी," पंत म्हणाले. "मी दुसरी बाजू पाहिलीच नाही."

"वाटणी मागाहून करा. श्रावण तोंडावर आला. मी हे काम मुंबईला पाठवते."

इनासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो हटला नाही. तो म्हणाला, "पाठवा, बाई. त्याआधी मला एकदा पोथी वाचताना पाहू द्या. लांबूनच बघेन."

यजमान गेल्यापासून गंगुबाईंच्या घरी दर शुक्रवारी एक पुराणिकबुवा ते हस्तलिखित वाचत असत. "शुक्रवारी ये," त्या म्हणाल्या. "अंगणात बस." बिघडलेली पानं त्यांनी नीट गोळा करून घेतली आणि खाडीत सोडायला भाच्याकडे दिली. देवीचं नाव असलेला कागद रद्दीत कसा घालणार?

शुक्रवारी इनास कल्याणला गेला आणि अंगणात तुळशीवृंदावनापासून हातभर अंतर राखून बसला. बुवा ओसरीवर, बाई आतल्या दाराशी. सगळ्यांनी कथा ऐकली. इनासने फक्त हात पाहिले. पान कसं वर जातं, कसं पालथं पडतं, अंगठा कुठे टेकतो, अंगठ्याखाली कुठली अक्षरं झाकतात. आणि त्याला आणखी एक दिसलं. यजमानांनी कागद वाचवायला पान अगदी काठोकाठ लिहिलं होतं, त्यामुळे ओवी कुठेही तुटायची. ती पुढच्या पानावर जायची. बुवा अर्ध्या शब्दावर थांबत, समोरच्या पंचपात्रात अंगठा ओला करत, पान उलटत, मग पुढचा अर्धा शब्द सापडे. आणि दर वेळी त्या फटीत दाराशी बसलेल्या गंगुबाई हळूच ओवी पुरी करत. त्यांना सगळी पोथी पाठ होती.

"बाई, तुमचे यजमान वाचायचे तेव्हाही असंच अडायचं का?" निघताना इनासने विचारलं.

"छे रे. त्यांचीच रचना ती. ओवी तोंडाने पुरी करायचे, मग सावकाश पान उलटायचे. बुवांना कुठून जमणार?"

इनास दुसऱ्याच दिवशी पंतांपुढे उभा राहिला. म्हणाला, "पंत, पोथी मी लावतो. पान ओवीवर संपेल. एकही ओवी तुटणार नाही."

"अरे, ओव्या काय मापून रचल्यात? कुठे पानाखाली चार बोटं कोरी राहतील. पोथीत कोरी जागा म्हणजे लोक म्हणतील, काम अर्धवट सोडलं."

"कोरी राहणार नाही."

"मग काय करशील?"

"सगळ्या पानाला थोडी थोडी वाटून देईन. कुणाला दिसणार नाही."

पंतांनी बाईंना निरोप पाठवला की मुंबईचा विचार एवढ्यात करू नका. मग इनास कामाला लागला, आणि काम कशाला म्हणतात ते छापखान्याने पाहिलं. आधी त्याने सगळी नक्कल पानापानाला मोजून तोडली, ओवीच्या टोकाला. मग शब्दाशब्दांमधल्या कोऱ्या खिळ्यांशी खेळ सुरू झाला. एका ओळीत केसभर हवा घालायची, दुसरीतून काढायची, की शेवटच्या ओवीचा शेवटचा दंड बरोबर चौकटीला जाऊन टेकावा. कधी टेकायचा नाही, मग सगळं पान सोडून पुन्हा. अंगठा टेकतो तिथली कड त्याने रुंद ठेवली. मागची बाजू छापायच्या आधी तो कोरा कागद बुवांसारखा वर उलटून बघायचा, नंतर जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा यंत्रावर चढवायचा. ज्युलियाना म्हणाली, "आता जेवताना ताट बी तसाच उलटशील." तो हसला, पण जेवतानाही त्याची बोटं हवेत पान उलटत होती. पंत स्वतः दोरीवरचं एकेक पान उचलून दोन्ही बाजूंनी वाचत होते. खरं सांगायचं तर त्या आठवड्यांचं साप्ताहिक जरा गचाळच निघालं.

पोथी श्रावणाच्या आदल्या दिवशी कल्याणला पोचली.

प्रतिपदेला गंगुबाईंच्या ओसरीवर जागा उरली नव्हती. इनास पुन्हा अंगणात. पुराणिकबुवांनी गंध-फूल वाहून पहिलं पान घेतलं. जन्माचं काम आता एका माणसाच्या अंगठ्याखाली होतं, आणि इनासला अंगणातून त्याला हात लावता येत नव्हता. बुवा पानाच्या तळाशी आले. दाराशी गंगुबाईंचे ओठ सवयीने हलायला लागले. ओवी पुरी झाली. बुवांनी सावकाश अंगठा ओला केला, पान वर गेलं, पालथं पडलं, आणि पुढची ओवी पहिल्या अक्षरापासून सुरू झाली. गंगुबाईंचे हललेले ओठ तसेच मिटले. असं प्रत्येक पानाला झालं. लोक कथेत रंगले होते. पान कधी उलटलं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, आणि इनासला आयुष्यात एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

पुढे कल्याणहून, भिवंडीहून, पार वसईहून लोक पोथ्या घेऊन ठाण्याला यायला लागले. छापखाना कुठे ते न विचारता ते इनास कुठे असतो ते विचारायचे. म्हाताऱ्या बापाने हे ऐकलं आणि भाताचा विषय पुन्हा काढला नाही. पण इनासला स्वतःला कुणी विचारलं की सगळ्यात मोठी शाबासकी कुठली मिळाली, तर तो त्या प्रतिपदेचंच सांगायचा.

त्या दिवशी आरती झाल्यावर गंगुबाई पायरीपर्यंत आल्या. एक प्रत त्यांनी इनासच्या हातात दिली. त्यांचे डोळे ओले होते, पुसायची त्यांना गरजही वाटली नाही.

"इनास," त्या म्हणाल्या, "वर्षभरात आज पहिल्यांदा मला मध्ये बोलावं लागलं नाही. हे वाचायचे तेव्हाही लागत नसे."