पाठ केलेले रंग

माझ्या मामाला त्याच्या बापानं मिरचीपायी घराबाहेर काढलं. लोकांच्या घरात वाटणीवरून फाटतं, लग्नातल्या मानपानावरून फाटतं. आमच्याकडे मिरचीवरून फाटलं.

धामणगाव बढ्याजवळ आजोबांचा भाजीपाल्याचा मळा होता. एका वर्षी ऐन तोड्याच्या वेळी आजोबा तापानं पडले आणि घरातल्या बायका एका लग्नाला गेलेल्या. मामा तेव्हा मिसरूड फुटलेला. त्यानं एकट्यानं राबून मिरचीचा अख्खा तुकडा तोडला आणि मोठ्या ऐटीत खळ्यावर मिरची पसरली. आजोबा घोंगडी पांघरून पाहायला आले, तर खळ्यावर निम्मी लाल, निम्मी हिरवी. हिरवी तोडलेली मिरची वाळली की पांढरी पडते, तिला बाजारात कुत्रं विचारत नाही. म्हणजे वर्षाचं निम्मं पीक गेलं.

"डोये फुटले काय बे तुहे?" आजोबा ओरडले.

मामा म्हणाला, "पिकलेलीच तं हाय सारी."

याला आमच्या घराण्यात उलट उत्तर म्हणतात. आजोबांनी पायताण काढलं आणि मामा निघाला. तो जळगाव जामोदला जाऊन पिठाच्या गिरणीवर कामाला लागला. पुढे ती गिरणीच त्याच्याकडे चालवायला आली, तिथंच त्याचं बिऱ्हाड थाटलं. घरात त्याचं नाव निघालं की आजोबा एवढंच म्हणायचे, "आंधळं दळते अन् कुत्रं पीठ खाते." माझी माय भाऊबीजेला जाऊन ओवाळून यायची. आजी मात्र कधी गेली नाही. आजोबांनी तिला नको म्हटलं नव्हतं, हो पण म्हटलं नव्हतं, आणि त्या काळच्या बाईला तेवढं पुरे होतं. माय भाऊबीजेहून आली की आजी तिला एकच विचारायची, "बारीक झाला काय वं?"

मी तान्हा असताना माझे वडील गेले, म्हणून माय मला घेऊन बापाच्याच घरी राहिली. त्यामुळे ज्या मळ्यानं मामाला बाहेर काढलं, त्याच मळ्यात मी मोठा झालो. मिरची तोडायला मला मायनं शिकवलं. ती म्हणायची, "बोटानं दाबून पाह्य. मऊ लागली तं तोड, कडक लागली तं राहू दे." मी दाबायचो आणि तोडायचो. माय कायम माझ्या शेजारच्या सरीत असायची आणि बोलता बोलता माझ्या टोपल्यात हात घालायची. मला वाटे, मायांना सवय असते हात घालायची.

आता पुढचं ऐकून हसू नका. हसाल तर वाचणं इथंच थांबवा.

मला वाटे, रंग पाठ करायचे असतात. पाढ्यांसारखे. सात आठे छप्पन, तसं कुंकू लाल, पालक हिरवा, रक्त लाल, पोपट हिरवा, पोपटाची चोच लाल. गुरुजी विचारायचे, सगळा वर्ग ओरडायचा, मीही ओरडायचो. माझं पाठांतर चांगलं होतं. पेरूच्या झाडावर पोपट बसला की पोरं म्हणायची, "तो पाह्य, तो पाह्य." मला तो उडाल्यावर दिसायचा. मी म्हणायचो, हाव, दिसला. लोक कुंकू पाहून लाल म्हणतात ते त्यांना लहानपणी पाठ करून घेतलं म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती. ज्याचा रंग कोणी सांगितला नाही, अशी वस्तू समोर आली की मी गप्प बसायचो. लोकांना वाटे पोरगं शांत आहे.

तसा मी विशीच्या पुढे आलो. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, एसटीत ड्रायव्हरांची भरती निघाली होती. मी एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर हात बसवला होता, लायसनही होतं. गाडी चालवून दाखवायची परीक्षा मी पास झालो. घाटात गाडी मागे एक वीत येऊ दिली नाही. उरली होती फक्त डॉक्टरी तपासणी, बुलडाण्याला.

डॉक्टरांनी लांबची अक्षरं वाचून घेतली. मी घडाघडा वाचली. मग त्यांनी टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग ओतला, त्यातली एक उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "या रंगाच्या सगळ्या काढ."

मी एकेक लड बोटानं दाबून पाहिली.

"दाबतोस काय? बघून काढ."

"साहेब, साऱ्या सारख्याच मऊ हायेत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी बराच वेळ मला काय काय विचारलं आणि शेवटी सांगितलं की तुला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. बाकी सगळ्यांना दिसतो. म्हणजे नुसतं पाहिलं की कळतो, हात न लावता, कोणी न सांगता.

मला वाटलं, डॉक्टर थट्टा करून राहिले. लांबूनच कळतो? झाडाला न शिवता? म्हणजे मिरची तोडणाऱ्या बाया गप्पा मारत, मान वळवत हात चालवतात ती काही करामत नव्हतीच? एवढी मोठी गोष्ट, अख्ख्या दुनियेला ठाऊक, आणि मला वीस वर्षांत कोणी सांगू नये? मी असा संतापलो की विचारू नका. पण संतापायचं कोणावर? जो तो म्हणणार, यात सांगायचं काय.

मी म्हणालो, "साहेब, आमच्या अख्ख्या जिल्ह्यात मी लाल-हिरवा दिवा कुठं पाह्यला नाई. गाडी म्हशीले पाहून थांबवा लागते. म्हैस मले दिसते." डॉक्टर हसले, पण नाही म्हणाले.

नोकरी गेली. मी उठलो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या मामाला आहे का हे?"

"मामाले काऊन?"

"हे आईकडून येतं. बाईला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण तिच्या मुलात उतरतं. तुझ्या आजीकडून आईत आलं असेल, तर मामातही असू शकतं."

मी परत खुर्चीवर बसलो. डॉक्टर म्हणाले, पुढचा माणूस येऊ दे. मी उठलो खरा, पण घरी येईपर्यंत मोटारीत मला खळ्यावरची मिरचीच दिसत होती. त्या मिरचीत मामाला काय दिसलं असेल, ते जगात मला एकट्याला ठाऊक होतं.

घरी आजोबा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. माय चुलीपाशी, आजी तांदूळ निवडत. मी नोकरी गेल्याचं सांगितलं आणि मग लोकरीचं, मामाचं, सगळं सांगितलं. माय चुलीपासून उठली आणि म्हणाली, "मले डोयाचं माहीत नोतं बाप्पा. पन तू लहानपनी हिरवी तोडून आनली, तं मले भाऊच दिसला. म्हनून तुले दाबून पाहाले शिकवलं." तेवढं बोलून ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग मला कळलं, तिचा हात माझ्या टोपल्यात का असायचा.

आजोबांनी सुतळी खाली ठेवली. ते आत जाऊन दोन मिरच्या घेऊन आले आणि माझ्यापासून चार हात दूर उभे राहिले.

"हे कोनती?"

"मिरची."

"रंग सांग बे, भैताडा."

मी जवळ जायला लागलो. "हात नको लावू. तेथूनच पाह्य." मी पाहिलं. दोन्ही सारख्या मातकट. अंदाजानं म्हटलं, लाल. आजोबांनी दुसरी वर धरली. म्हटलं, हीपण लालच असन. आजोबांनी हात मागे नेऊन मिरच्या बदलल्या, पुन्हा विचारलं, मी पुन्हा चुकलो. ते मिरच्यांकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. त्यांचा हात खाली आला.

पण माणूस जुना. पडलं तरी नाक वर. ते आजीकडे वळून म्हणाले, "मंजे हे तुह्यापासून आलं."

आजीनं सूप खाली ठेवलं. जन्मात तिनं नवऱ्याला उलट शब्द दिला नव्हता. ती म्हणाली, "माह्यापासून आलं, तं मले काढाचं होतं घरातून. माह्या पोराले काऊन काढलं?"

आजीनं सूप परत उचललं, पण तिच्यानं तांदूळ निवडवेना. आजोबा उठून मळ्यात गेले आणि जेवायची वेळ टळल्यावर आले. जेवण झाल्यावर मायला म्हणाले, "ज्वारी काढून ठेव. दळाले न्याची हाय."

"गावातच गिरनी हाय, बाबा."

"ते जाडं दळते," आजोबा म्हणाले. आमच्या गावची गिरणी चांगलं बारीक दळायची.

सकाळी आजोबांनी ज्वारीची पिशवी खांद्यावर घेतली, माझ्याकडे दिली नाही. पाहतो तर आजी नवं लुगडं नेसून आमच्याआधी फाट्यावर उभी. आजोबांनी तिला काही विचारलं नाही. मोटारीत त्यांनी तीन तिकिटं काढली.

गिरणीवर गर्दी होती. आजोबा रांगेत उभे राहिले. मी म्हटलं, "आबा, पुढं चाला, आपलीच गिरनी हाय." ते म्हणाले, "नंबरानं." मामा खाली मान घालून दळत होता, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. आमचा नंबर आला तेव्हा त्यानं पिशवीला हात घातला आणि वर पाहिलं. पट्टा फटफट वाजत होता. मामाच्या तोंडून त्याचं रोजचं वाक्य निघालं, कारण दुसरं कोणतंही निघण्यासारखं नव्हतं.

"बारीक की जाडं?"

आजोबा म्हणाले, "तूच पाह्य." आणि थोडं थांबून म्हणाले, "हातानं पाह्य. तुह्या हाताले बराबर समजते."

मामानं ज्वारी ओतली. पीठ पडू लागलं तसं चिमटीत धरून चोळलं, दळायचा दगड जरा आवळला, परत चोळलं. मग तो चोळतच राहिला. मागच्या बाया म्हणू लागल्या, "आटप ना रे भाऊ, एका पायलीले किती येळ?" आजोबांनी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या गप्प झाल्या. आजी कधी आत शिरली कळलं नाही. ती मामाच्या पाठीवरचं पीठ झटकत होती, आणि ते झटकून संपणारं नव्हतं.

पुढे मी एका शाळेत शिपाई झालो. घंटेला रंग नसतो. मामाही पुढच्या हंगामापासून मिरचीच्या तोड्याला येऊ लागला. आम्ही दोघं एका सरीत दाबून दाबून तोडायचो, आणि सगळ्यांच्या मागे राहायचो म्हणून बाया हसायच्या.

त्या दिवशी गिरणीवरून परतताना मोटारीत आजी हळूच मला म्हणाली, "डोये कसे लाल लाल झाले होते रे त्याचे." मी हाव म्हटलं. मला ते दिसलं नव्हतं. आजोबांना दिसलं होतं. ते गरम पिठाची पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर पाहत होते, आणि फाटा येईपर्यंत त्यांनी तोंड आत वळवलं नाही.