हजाराला सहा कमी

चालताना चाव्या वाजू नयेत म्हणून त्या मुठीत घट्ट धरायचा. कुणाचा आवाज चढला की हळूच म्हणायचा, "रेस कमी." सुरू गाडीच्या टाकीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा, लहान मुलाचा ताप पाहावा तसा. नव्या गाडीला अहोजाहो करायचा. हजार किलोमीटर झाले की 'अगं'वर यायचा.

तो गॅरेजवाला. वयाने माझ्याएवढाच, तरी आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. लोक नवी मोटरसायकल इंजिन सेट करायला त्याच्याकडेच सोडायचे. पन्नासच्या वर जायचं नाही. एकाच वेगात फार वेळ राहायचं नाही. दर पंचवीस किलोमीटरला थांबून इंजिन निवू द्यायचं. आणि हजार होईपर्यंत हात एकाचाच.

"मी चालवू थोडी?" मी एकदा विचारलं होतं.

"तू कविता चालव."

शेवटची गाडी त्याच्या ताईची. तिला हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात नोकरी लागली होती. ड्यूटी सकाळी सहाची, पहिली बस सातची. एक तारखेला गाडी देतो, असा मास्तरने शब्द दिला होता.

मीटर सहाशे बारावर असताना तो भर दुपारी गॅरेजमधल्या बाकावर आडवा झाला. उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

आठवड्याने ताईने चावी माझ्यापुढे ठेवली. "उरलेले तू कर. माझा हात अजून कच्चा आहे."

पहिल्याच दिवशी मी पंचावन्नला नेली. रेसची मूठ माझ्या हाताखाली आपोआप मागे फिरली. केबल असेल, असं मी स्वतःला समजावलं. पंचवीस झाले आणि गाडी एका पंक्चरवाल्याच्या टपरीपुढे बंद पडली.

"आज उशीर केलास," तो मान खालीच ठेवून म्हणाला. मग वर पाहिलं आणि हातातली ट्यूब खाली ठेवली. मला म्हणाला, "आवाज त्याचाच होता."

नंतर मी गाडीवर नुसता बसून राहायचो. गिअर कधी टाकायचा ते पायाला कळायचं. मला ते कुणी शिकवलं नव्हतं.

महिनाअखेरीला संध्याकाळी परतलो, तर ताई गॅरेजच्या दारातच उभी होती.

"किती झाले?"

"नऊशे चौऱ्याण्णव. एक फेरी मारतो, ऑइल बदलतो. उद्या घेऊन जा."

ती हँडलला धरून उभी राहिली.

"हजार झाले की तो गाडी देऊन टाकतो," ती म्हणाली. "मग तिच्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. माहितीये ना तुला?"

"ताई, उद्यापासून ड्यूटी आहे."

"चालत जाईन. साडेचारला निघाले की पोचते."

तिने चावी काढून घेतली.

ती रोज चालत जाते. गाडी गॅरेजमध्ये उभी आहे, ऑइलचा नवा डबा तिच्याशेजारी बंदच. सहा किलोमीटर राहिलेत.